वाढवलेला पाटा

पिकअपचे मागचे ब्रेक सुधारून घ्यायचेत असं मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने एकच विचारलं, "डिस्क टाकतोयस की काय?" पुतण्याने तर पुण्याहून व्हिडिओंची रांगच लावली. कुठल्याशा अमेरिकन गॅरेजात एक दाढीवाला गृहस्थ जुन्या ट्रकचे मागचे ड्रम काढून भंगारात भिरकावतो, चकचकीत डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये चिमटणारे लाल कॅलिपर चढवतो, मग मोकळ्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारून अंगठा दाखवतो. बघायला झकास वाटतं. फक्त त्या ट्रकच्या हौद्यात काहीच नसतं. आमच्या गाडीचा हौदा रिकामा राहिला तर तो दिवस फुकट गेला असं आम्ही धरतो.

गाडी म्हणजे जुनी बोलेरो पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम, मागच्या एक्सलवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. आधीच्या मालकाकडे ती चिरे वाहायची, माझ्याकडे रोपं वाहते. चिपळूणच्या बाहेर माझी रोपवाटिका आहे. आंब्याची कलमं, सुपारी, नारळ, हल्ली जायफळ-काळीमिरीलाही गिऱ्हाईक आहे. घाटावर जाताना रोपं असतात, आणि रोपं वजनापेक्षा जागा जास्त खातात. येताना मात्र पाटण-कराडकडून शेणखत नाहीतर कारखान्याची मळी भरून आणायची. म्हणजे कुंभार्ली घाट चढताना गाडी हलकी आणि उतरताना भरलेली. ब्रेकला छळायचं ठरवून कुणी वेळापत्रक केलं असतं, तर तेही असंच झालं असतं.

तक्रार अशी होती. भरलेली गाडी उतारावर ब्रेक दाबला की नाक खाली घालायची. पोफळीला पोचेपर्यंत पुढच्या चाकांतून जळका वास यायचा. पुढचे पॅड भराभर संपायचे आणि मागच्या ड्रममधले घासणारे लायनर उघडून बघावेत तर जवळजवळ जसेच्या तसे. लायनर टिकतात म्हणून खूश होणारे लोक मला माहीत आहेत. पण लायनर झिजत नाही याचा अर्थ तो काम करत नाही, आणि त्याचं काम कुणीतरी दुसरं करतंय. इथे ते पुढचे पॅड करत होते.

घाट उतरणं म्हणजे नक्की काय, याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला होता. गाडी, माल आणि केबिनमधली दोन माणसं मिळून २,८०० किलो धरा, आणि उतार ढोबळमानाने ५०० मीटर. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचं तर सुमारे १ कोटी ३७ लाख ज्यूल ऊर्जा वाटेत कुठेतरी जिरवावी लागते. आकड्यावरून काही बोध होईना, म्हणून पुढचं गणित केलं. अंघोळीच्या तीन बादल्या गार पाण्याला आधण यायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी ती भरते. त्यातला काही वाटा टायर घेतात, काही वारा घेतो आणि मोठा वाटा इंजिन घेऊ शकतं, त्याला घेऊ दिला तर. उरलेली सगळी त्या चार चाकांच्या आत.

इंजिनला घेऊ द्यायचं म्हणजे ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. मुळात डिझेल इंजिन गाडीला पेट्रोलइतकं धरून ठेवत नाही, कारण त्याच्या आत येणाऱ्या हवेची वाट अडवणारी झडप नसते. तरी दुसऱ्या गिअरमधलं डिझेल इंजिन पुष्कळ ओझं उचलतं. आणि आमच्याकडे डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग आहेत. त्यांतले काही तर इंजिनच बंद करतात. अशा डिझेल गाड्यांत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप देतो, पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन दाब मिळतात. पुढचा दाब निव्वळ मांडीच्या ताकदीवर. वाचलेल्या डिझेलचे पैसे कुणी मोजून दाखवलेले मला आठवत नाहीत.

आता ड्रमकडे येतो, कारण त्या बिचाऱ्याची बदनामी फार झाली आहे.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा ड्रम असतो, आत अर्धगोल दोन शू, शूंवर लायनर, आणि वरच्या बाजूला व्हील सिलेंडर. पेडल दाबलं की सिलेंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो आणि लायनर ड्रमला आतून घासतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गंमत पुढे आहे. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढू पाहतो. शूचं खालचं टोक टेकूला अडलेलं असल्याने तो जास्तच घट्ट ड्रमवर चढतो. म्हणजे पायाने दिलेल्या जोरात चाक आपल्या पदरचा जोर घालतं. ज्याला थांबायचं नाहीये तेच स्वतःला थांबवायला हातभार लावतं. मागच्या शूचं उलट, त्याला ड्रम दूर लोटत असतो. म्हणून पुढच्या शूचा लायनर जास्त झिजतो. गाडी रिव्हर्समध्ये घेतली की दोघांच्या भूमिका बदलतात. बूस्टर नव्हते त्या काळात माणसाच्या पायाने अवजड गाड्या थांबायच्या त्या या युक्तीवर.

युक्ती उलटतेही. लायनर तापला की त्याचं घर्षण कमी होतं, आणि घर्षण कमी झालं की चाकाचा तो फुकटचा हातभारही कमी होतो. नुकसान दोन्हीकडून. शिवाय तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो, आणि पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली तर तिची जाडी वाढते, ती पॅडच्या जवळ येते. वर ती उघडी असते, वाऱ्यावर निवते. सलग घाटात डिस्क सरस यात वाद नाही. १९५३ साली ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरवल्या आणि जिंकल्या, तेव्हापासून हा निकाल लागलेलाच आहे.

पण एक गोष्ट मला फार आवडते. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. दोघं एकाच वेळी रिंगणात होते आणि पुढची पन्नास वर्षं ड्रमने खाल्ली. लँचेस्टरच्या डिस्कवर तांब्याचे पॅड घासायचे, ते किंचाळायचे, आणि त्या काळातल्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ त्यांना खाऊन टाकायची. ड्रम बंद होता. रस्ता त्याच्या आत जायचा नाही. जून महिन्यात आमच्या रोपवाटिकेच्या वाटेवर जो तांबडा राडा होतो तो पाहिला की मला रेनोची बाजू पटते. अर्थात पुराच्या पाण्यातून गाडी काढली तर ड्रमच्या आत गेलेलं पाणी लवकर बाहेरही येत नाही. तेव्हा थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून लायनर वाळवावे लागतात, आणि चिपळूणकरांना पुराच्या पाण्याबद्दल कुणी वेगळं सांगायला नको.

ड्रम जुनाट झाला म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. फोक्सवॅगनची आयडी.३ ही इलेक्ट्रिक मोटार २०२० साली रस्त्यावर आली ती मागे ड्रम घेऊनच. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, मागचे ब्रेक क्वचित लागतात, आणि न वापरलेली उघडी डिस्क गंजते. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपवर अमेरिकेत २०२३ सालच्या मॉडेलपर्यंत मागे ड्रम होते, तिथले हौशी लोक त्यावरून वर्षानुवर्षं नाकं मुरडत राहिले. २०२४च्या नव्या टॅकोमाला मागेही डिस्क आल्या. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या गाडीचं मागचं चाक किती काम करतं ते बघून ठरवलं असणार.

तर डिस्कचा विचार मी सोडला तो या कौतुकामुळे नव्हे. एक कारण कायद्याचं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचलं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. तिथे मागच्या चाकात अनोळखी कॅलिपर दिसला तर वाद घालायला माझ्याजवळ काही नाही. अपघात झालाच, तर विमा कंपनीसमोर तर नाहीच नाही. दुसरं कारण हँडब्रेक. ड्रममध्ये हँडब्रेक म्हणजे एक केबल आणि एक लिव्हर, काम संपलं. मागे डिस्क घातली की भरलेली गाडी चढावर धरून ठेवणारा हँडब्रेक नव्याने जमवावा लागतो. त्या व्हिडिओंमध्ये हा भाग नेमका पटकन उरकलेला असतो.

मग राहिला मधला मार्ग, ड्रम तोच ठेवून त्याचा जोर वाढवायचा. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने तो लगेच सांगितला. "एक नंबर मोठा व्हील सिलेंडर टाका. सोपं काम." काम खरंच सोपं आहे. पाऊण इंच बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या सिलेंडरच्या जागी सात अष्टमांश इंचाचा सिलेंडर घातला, तर तेवढ्याच दाबाला शूवर ३६ टक्के जास्त जोर येतो. क्षेत्रफळाचं गणित आहे, कुणालाही करता येईल. मोठ्या सिलेंडरला तेल जास्त लागतं म्हणून पेडल थोडं खोल जातं, ते एक वेळ चालून जाईल. पण हा ३६ टक्के जोर गाडी भरलेली असताना जेवढा, तेवढाच ती रिकामी असतानाही मिळणार.

आणि पिकअपची सगळी मेख इथेच आहे. मोटारगाडीत चार माणसं बसली काय आणि एक बसला काय, मागच्या चाकांवरच्या वजनात फार मोठी तफावत पडत नाही. पिकअपमध्ये ती प्रचंड पडते. रिकाम्या पिकअपची मागची चाकं रस्त्याला जेमतेम टेकलेली असतात, आणि ब्रेक मारला की वजन पुढे सरकून ती आणखी हलकी होतात. अशा वेळी मागे जोर जास्त झाला तर मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात. पुढची चाकं जाम झाली तर गाडी वळत नाही, पण निदान नाकासमोर घसटत जाते. मागची जाम झाली की शेपटी बाजूला येते, कारण जाम झालेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही. पहिल्या पावसाने ओला झालेला घाटरस्ता, हौद्यात मूठभर रोपं आणि मागे तगडे ब्रेक, या त्रिकुटाच्या वाटेला जाऊ नये.

म्हणजे मागच्या चाकांना एकच एक जोर देऊन भागत नाही. भरलेल्या गाडीला वेगळा, रिकाम्या गाडीला वेगळा. गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतंच, आणि त्यासाठी त्यांनी एक पुर्जा दिलेला असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

मिस्त्रींनी बघितलं. मी ज्या गॅरेजात जातो तिथले मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. मी मोठ्या सिलेंडरचं बोलत होतो तेवढ्यात ते गाडीखाली गेले. बराच वेळ खालून आवाज नाही. मग विचारलं, "भाऊ, पाटा कुणी वाढवला हिचा?"

"आधीच्या मालकाने. चिरे भरायचा."

"मग मागं ब्रेक लागणार कुठनं?"

मला ते एका दमात कळलं नाही, म्हणून मीही खाली गेलो. मागच्या एक्सलच्या वर, चासीला धरून, मुठीएवढा एक व्हॉल्व्ह आहे. पुढून येणारं ब्रेकचं तेल त्याच्यातून मागच्या चाकांकडे जातं. व्हॉल्व्हमधून एक दांडी निघते आणि तिचं दुसरं टोक एक्सलला जोडलेलं. मिस्त्री त्याला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. हौद्यात माल पडला की पाटे बसतात, चासी एक्सलच्या जवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी झाली की चासी वर उचलते आणि व्हॉल्व्ह मागचा दाब आखडता घेतो. वीज नाही, सेन्सर नाही. चासी आणि एक्सल यांच्यातलं अंतर हाच त्याचा वजनकाटा.

आणि त्या काट्याच्या मापात कुणीतरी पाटा घुसवला होता. पाटा वाढवला की स्प्रिंग कडक होते आणि रिकामी गाडीही मागून थोडी उचललेली राहते. सव्वा टन माल टाकला तरी गाडी पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला दिसतं की अंतर अजून पुष्कळ आहे, म्हणजे हौदा जवळपास रिकामा असणार. तो इमानाने मागचा दाब धरून ठेवतो, आणि घाटात सगळं ओझं पुढच्या डिस्कवर येतं. नाक खाली जाणं, जळका वास, संपणारे पॅड, कोरे राहिलेले लायनर, सगळ्याला एकच कारण. ड्रमचा त्यात काही दोष नव्हता. त्याला काम करण्याचा निरोपच पोचत नव्हता.

आमच्या भागात पाटा न वाढवलेली पिकअप शोधून काढावी लागेल. गाडी घेतली की शोरूममधून आधी बॉडी बांधायला आणि तिथून पाटेवाल्याकडे, हा रिवाजच आहे. त्यामागचं कारण मूर्खपणाचं नाही. भाडं खेपेवर मिळतं, डिझेल खेपेवर जळतं, मग एका खेपेत जेवढं बसेल तेवढं बसवायचं. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० असा झाला, तरी रिवाज हलला नाही. उलट वाढवलेल्या पाट्याचा एक छुपा फायदा सगळ्यांना ठाऊक आहे, भरलेली गाडी बसलेली दिसत नाही. नाक्यावरचा माणूस लांबून गाडीचा मागचा भाग बघतो आणि अंदाज बांधतो. सरळ उभी असेल तर जाऊ देतो. पाटा नाक्यावरच्या माणसाला फसवतो हे पिकअपवाल्यांना माहीत असतं. तो ब्रेकलाही त्याच पद्धतीने फसवतो, हे मी आजवर कुठल्या पाटेवाल्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

उपाय दोन होते. पाटा ठेवून व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीला जुळवायची, किंवा पाटा काढून गाडी मूळच्या मापावर आणायची. तिसरा एक उपाय गावोगाव चालतो, ती दांडी तारेने आवळून व्हॉल्व्ह कायमचा उघडा करून ठेवायचा. म्हणजे पुन्हा मोठ्या सिलेंडरचंच दुखणं, रिकाम्या गाडीला भरल्या गाडीचा ब्रेक. दांडी जुळवणं शक्य आहे, पण ते नेमकं करायचं तर ठरावीक वजन ठेवून पुढचा-मागचा दाब गेजवर मोजायला हवा. नजरेने जुळवलेली दांडी म्हणजे एक अंदाज काढून दुसरा अंदाज घालणं. मी पाटा काढायला सांगितला. चाचांनी एकदा विचारलं, "पोती कमी बसतील, चालेल?" चालणार होतं असं नाही, पण चालवायचं ठरवलं.

ड्रम उघडलेच होते, तर त्यांचंही करून घेतलं. खरं सांगायचं तर ज्याला अपग्रेड म्हणतात ते माझ्या गाडीपुरतं इथेच सुरू झालं आणि इथेच संपलं.

पोऱ्या हवेची नळी घेऊन ड्रममधला भुसा उडवायला निघाला होता, त्याला थांबवलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं, आपल्याकडे त्याच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही, आणि बिनखोक्याच्या स्वस्त लायनरमध्ये काय भरलंय हे विकणाराही सांगू शकत नाही. ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो यात शंका उरलेली नाही. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं जास्त लागतात. पोऱ्याने माझ्याकडे, याला भलत्याच शंका, अशा नजरेने पाहिलं आणि फडकं ओलं केलं.

लायनरवर काच चढली होती. वर्षानुवर्षं नुसतं हळू हळू घासून लायनरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडक होतो, मग तो पकडत नाही. नवे लायनर रिवेट मारून आणले. प्रत्येक तालुक्याच्या गावात ब्रेक-क्लच लायनरचं एक काळवंडलेलं दुकान असतं, तिथे दिवसभर ठकठक चालू असते आणि मालक हिशेब खडूने शटरवर लिहितो. लायनर पातळ होऊन रिवेटचं डोकं वर आलं की ते ड्रममध्ये चर पाडतं, म्हणून रिवेट किती खोल बसलंय ते मी बोट फिरवून बघितलं. या धंद्याचा मूळपुरुष हर्बर्ट फ्रूड नावाचा इंग्रज. घोडागाड्यांचे लोक लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटांचं चामडं ठोकतात हे त्याने डर्बीशायरच्या चढउतारांवर पाहिलं, आणि १८९७ साली त्यातून जो उद्योग उभा राहिला त्याचं नाव फेरोडो. ते नाव आजही लायनरच्या खोक्यांवर असतं. घाट नसता तर लायनर नसता, असं म्हणायला हरकत नाही.

एका ड्रमच्या कडेला ओठ आला होता, म्हणजे लायनर घासतो तेवढा भाग खोल आणि बाहेरची कडा उंच. दोन्ही ड्रम लेथवर घेतले. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास ओतून कोरलेला असतो, तो गंजाखाली लपतो, म्हणून तारेच्या ब्रशने घासून आधी वाचून घ्यावा. त्याच्या पलीकडे घेतलेला ड्रम पातळ होतो, पातळ ड्रम लवकर तापतो. नवा लायनर आणि घेतलेला ड्रम यांची गोलाई लगेच जुळत नाही. चाचांनी ड्रमला आतून खडू फासला, शू धरून फिरवला आणि लायनरवर जिथे पांढरं उमटलं तिथे कानस मारली. मग पुन्हा खडू. हे काम बघत बसण्यात माझी अख्खी दुपार गेली. रोपवाटिकेत माणसं खोळंबली होती, फोन येत होते, पण उठवेना.

व्हील सिलेंडर नवे घातले, मूळच्याच बोअरचे. जुन्यांना आतून गंज धरला होता, आणि कोकणात तो धरणारच. ब्रेक ऑईल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं १४० अंशांनाच उकळू शकतं. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकतं. घाटात ब्रेक फेल झाला म्हणून जी बातमी येते, तिच्यात पुष्कळदा काहीही तुटलेलं नसतं. थोड्या वेळाने गाडी निवते, पेडल परत येतं आणि ड्रायव्हरवर कुणी विश्वास ठेवत नाही. गाडीला डॉट ४ चालत होतं, ते भरलं. हवा काढताना चाचांनी लोड व्हॉल्व्हची दांडी वर धरायला लावली. गाडी जॅकवर असताना एक्सल लोंबकळतो, व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे, आणि मागे तेल नीट जात नाही. हे न करता हवा काढली तर आत राहिलेली हवा मागच्या ब्रेकला पुन्हा अधू करते.

एका बाजूचा ॲडजस्टर जाम होता. लायनर झिजेल तसं शूला ड्रमजवळ आणून ठेवणं हे त्या दातेरी चक्राचं काम. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला की ते एक दात पुढे सरकतं, काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला की. आमच्याकडे हँडब्रेक न ओढता चाकाखाली दगड लावायची पद्धत आहे. दगड चोख काम करतो. ॲडजस्टर मात्र बसल्या जागी गंजून जातो.

नवे लायनर बसले की लगेच घाटात जायचं नसतं. थोडे दिवस सपाटीला हलके हलके ब्रेक मारत त्यांना ड्रमशी जमू द्यायचं. त्यानंतर खत भरून कुंभार्ली उतरलो तेव्हा गाडी ब्रेकला नाक न घालता चारही चाकांवर खाली बसली. चमत्कार वगैरे काही नाही. अलोऱ्याला उतरून पुढच्या चाकांजवळ हात नेला, तर आच होती पण वास नव्हता. मागचे ड्रमही तापले होते, आणि त्याचंच मला जास्त समाधान वाटलं. पुतण्याला फोनवर सांगितलं की ब्रेक सुधारले. "काय टाकलंस?" त्याने विचारलं. "काढलं," म्हटलं. त्याने पुढे फारसं विचारलं नाही.

पोती कमी बसतात, ते मात्र खरं. खताच्या पोत्यामागे भाडं चढलं आणि ते रोपांच्या किमतीत घालावं लागलं. गिऱ्हाईक कुरकुरतं. त्याला लोड व्हॉल्व्ह समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

काढलेला पाटा गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. आठवडा उलटायच्या आत एक भाजीवाला पिकअपवाला आला आणि भाव करून तो घेऊन निघाला. चाचांनी त्याला सगळं सांगितलं. मग मागची दांडी बघून घे असं पुन्हा एकदा सांगितलं.

"पुढचे आहेत की ब्रेक," तो म्हणाला, आणि पाटा हौद्यात टाकून गेला.